डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांचें मातृत्व

थोर व्यक्तींच्या चरित्रांतील कांहीं गोष्टी इतक्या वेळां सांगितल्या जातात कीं, त्यांच्या आड दुसऱ्या, कदाचित् अधिक महत्त्वाच्या, गोष्टी झांकून जातात. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राचें असेंच झालें आहे. परदेशीं जाऊन डॉक्टर झालेली हिंदु स्त्री, हट्टी पतीची सहनशील पत्नी, अकालीं गेलेली विदुषी, या रूपांनीं त्या आमच्या शालेय पुस्तकांत व कादंबरी-नाटकांत वावरत असतात. त्या एका मुलाच्या आई होत्या, हें मात्र बहुतेक लेखक एका वाक्यांत उरकतात. आणि त्यांच्या धर्मनिष्ठेकडे कोणी केवळ कौतुकानें पाहतो, कोणी केवळ कींवेनें. आमच्या मतें हें मातृत्व व ही निष्ठा बाजूला ठेवल्यास आनंदीबाईंच्या विद्येचा अर्थच लागत नाहीं.

चरित्राचा सांगाडा सर्वांस परिचित आहे, म्हणून तो थोडक्यांत देतों. ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत यमुनेचा जन्म झाला. ९ व्या वर्षीं तिचें लग्न पोस्टखात्यांतील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें व सासरीं तिचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. गोपाळराव विधुर होते आणि वयानें तिच्याहून पुष्कळच मोठे. १४ व्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवसांनीं गेला. १८८३ सालीं त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची एम्. डी. ही पदवी त्यांस मिळाली. त्याच वर्षीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली याहि वैद्यकाची परीक्षा उतरल्या, हें येथें सांगितलें पाहिजे. पहिलेपणाचा मान एकीस देतांना दुसरीस विसरणें योग्य नव्हे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें आनंदीबाईंचा अंत झाला. वयाचीं २२ वर्षें पुरीं होण्यास अजून महिना राहिला होता.

पत्नीनें शिकावें हा हट्ट गोपाळरावांचा होता, याविषयीं वाद नाहीं. त्या हट्टांत मारहाणहि होती, आणि तिची आठवण आनंदीबाईंनीं पुढें अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. १८७८ सालीं कोल्हापुरास असतांना गोपाळरावांनीं वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. विषय दोन : पत्नीचें शिक्षण, आणि स्वतःस अमेरिकेंत एखादी नोकरी. वाइल्डर यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचें सुचविलें व हा पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला. न्यू जर्सीतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या दांताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं लागला. त्यांनीं धर्माची अट न घालतां मदत देऊं केली. आनंदीबाई त्यांस पुढें मावशी मानूं लागल्या.

येथवरच्या हकीकतींत शिक्षण आहे, पण वैद्यक नाहीं. शिक्षणाचा हट्ट पतीचा होता. जें शिकावयाचें तें वैद्यकच, हा निश्चय मूल गमावलेल्या आईचा होता, असें आम्हांस वाटतें. त्या काळचें बाळंतपण कसें होतें, हें ध्यानांत घ्यावें. अंधारी खोली, कोंडलेली हवा, घरांतील वडीलधाऱ्या बायका आणि सुईण. पुरुष डॉक्टर गांवांत असला तरी त्याला बाळंतिणीच्या खोलींत प्रवेश नसे, व स्त्री डॉक्टर मिळत नसे. प्रसूतीपूर्वीं हात निर्जंतुक करण्याचें महत्त्व व्हिएन्ना येथें सेमेलव्हाइस यानें १८४७ सालींच दाखवून दिलें होतें. लिस्टरची कार्बोलिकची पद्धति १८६७ मध्यें प्रसिद्ध झाली होती. ज्ञान जगांत होतें. तें कल्याण-कोल्हापूरच्या माजघरांत नेणारें कोणी नव्हतें. अशा घरांत मूल दगावलें तर तें नशिबाच्या खात्यावर मांडलें जाई. आनंदीबाईंनीं तें तसें मांडलें नाहीं, हेंच त्यांच्यांतील शास्त्रज्ञाचें पहिलें लक्षण होय. जें घडलें त्यास कारण आहे, आणि कारण असल्यास उपाय शोधतां येतो, ही ती दृष्टि.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं कलकत्त्याजवळील सेरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं दिलेलें इंग्रजी व्याख्यान या दृष्टीनें पुन्हा वाचण्यासारखें आहे. लोकांनीं घेतलेले आक्षेप त्यांनीं सहा प्रश्नांच्या रूपानें मांडले व एकेकाचें उत्तर दिलें. हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. मद्रासेस कॉलेज आहे व सुइणींचे वर्गहि आहेत, परंतु तेथील शिक्षण अपुरें आहे. म्हणून अमेरिकेस जाणें प्राप्त आहे, अशी ही मांडणी होती. बहिष्कार पडेल त्याचें काय, या प्रश्नासहि त्यांचें उत्तर तयार होतें. येथें राहतें तशीच तेथें राहीन, हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं सांगितलें. हें १७ वर्षांच्या मुलीचें बोलणें आहे. त्यांत धर्माची भीति नाहीं व धर्माचा उपहासहि नाहीं. ७ एप्रिल रोजीं त्यांनीं कलकत्ता सोडलें आणि ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कास पोंचल्या.

दिलेला शब्द त्यांनीं पाळला. थंडी बाधूं लागली तेव्हां नऊवारीऐवजीं अंग अधिक झांकणारी गुजराती पद्धतीची साडी त्या नेसूं लागल्या. पण साडी सोडली नाहीं, आणि शाकाहारहि सोडला नाहीं. पदवीसाठीं प्रबंधाचा विषय त्यांनीं निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. गर्भिणीचा आहार-विहार, प्रसूति, नवजात अर्भकाची निगा, याविषयीं आपल्या संस्कृत ग्रंथकारांनीं काय सांगितलें, तें त्यांनीं पाश्चात्य परीक्षकांपुढें ठेवलें. या निवडींत मातृत्व, निष्ठा व विद्या हीं तिन्ही एके ठिकाणीं आलीं आहेत. दहा दिवसांचें मूल गमावलेली आई अर्भकाच्या रक्षणाचा विषय घेते, आणि तो स्वधर्मीयांच्या ग्रंथांपासून सुरू करते. पदवीदान-समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनीं १८८३ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आनंदीबाई हिंदूच राहिल्या होत्या. दोघींच्या वाटा वेगळ्या, तरी एकमेकींविषयींचा आदर उणा झाला नाहीं. धर्मावरून रणें माजविणाऱ्या त्या पिढींतील पुरुषांहून या दोघी अधिक शहाण्या होत्या.

आतां त्यांच्या मृत्यूविषयीं. मांसाहार केला असता तर वांचल्या असत्या, धर्मवेडानें बळी घेतला, असें एक पक्ष म्हणतो. धर्म राखला म्हणून त्या धन्य झाल्या, असें दुसरा म्हणतो. हीं दोन्ही मतें आम्हांस मान्य नाहींत. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा व धाप हीं लक्षणें कलकत्त्यास असतांनाच दिसूं लागलीं होतीं, आणि कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधें पाठवीत होत्या. उपासमार, थंडी व श्रम यांनीं तें दुखणें वाढलें असेल. परंतु क्षयाचा जंतु कॉखनें दाखविला तो १८८२ मध्यें, आणि त्यावर चालणारें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें १९४३ सालीं. त्या काळीं मांस खाणारे धट्टेकट्टे गोरेहि या रोगानें हजारोंनीं मरत होते. खरा दोष द्यावयाचा तर त्या समाजरचनेस द्यावा, जिनें एका मुलीस ९ व्या वर्षीं बायको, १४ व्या वर्षीं आई केलें, आणि घरच्या घरीं मिळावयास हवें होतें तें ज्ञान आणण्यासाठीं सातां समुद्रांपलीकडे धाडलें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांस देऊं केली होती. त्या जागेवर रुजू होण्याइतकेंहि आयुष्य त्यांस लाभलें नाहीं.

हा लेख आम्ही देगलुरास बसून लिहीत आहों. आनंदीबाईंच्या काळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तसाच राहिला. पुण्यामुंबईकडील सुधारणेच्या वादांचा येथें क्षीण प्रतिध्वनि तेवढा येई. तरीहि हें चरित्र येथें जुनें झालेलें नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचें लग्न १८ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें होतें. मराठवाड्यांतील कित्येक जिल्ह्यांत हें प्रमाण याहून बरेंच अधिक आहे. सुट्टी संपते, हजेरीपटावर नांव असतें आणि बाकावर मुलगी नसते, हा आमच्या भागांतील शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. हजेरी घेतांना जें नांव नुसतें ओलांडून पुढें जातों, तें कोणाचें होतें व तिच्याकडून काय व्हावयाचें होतें, हा विचार आम्हां शिक्षकांस सुटत नाहीं.

आनंदीबाईंची पुण्यतिथि फेब्रुवारींत येते. त्या दिवशीं शाळाकॉलेजांतून त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो व भाषणें होतात. त्यांच्या रक्षेचा अंश कार्पेंटरबाईंनीं न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवविला, आणि तेथें त्यांच्या नांवाचा दगड अजून उभा आहे. दहा दिवसांच्या त्या बालकाचा मात्र कोठेंहि दगड नाहीं. आनंदीबाईंचें स्मरण करतांना त्याचेंहि करावें. आणि आपल्या गांवांतील एखादी १४-१५ वर्षांची मुलगी शाळा सोडून कोठें गेली, याची त्याच दिवशीं चौकशी करावी. हारतुऱ्यांहून आनंदीबाईंस तेंच अधिक रुचलें असतें.