अपवाद कोणाच्या सहीने? झरियाच्या खाणींपासून सादियात बेटापर्यंत

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांच्याकडे केवळ कामगारविषयक कायदे आले नव्हते. खाणी, वीज, पाटबंधारे आणि मध्यवर्ती सरकारची सार्वजनिक बांधकामे हे विषयही त्याच खात्याच्या कक्षेत होते. कामगाराचे हित पाहणे आणि काम वेळेत पुरे करून घेणे या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच मेजावर येऊन पडल्या होत्या. या दोन जबाबदाऱ्यांचे आपसांत किती जमते, हे संयुक्त अरब अमिरातीत बांधकाम, तेल वा वीजक्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या बांधवांना वेगळे सांगायला नको.

मजूरमंत्री बाबासाहेबांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु ते बहुधा देणग्यांच्या यादीसारखे असते. कामाचे तास बारावरून आठवर आणले, हे त्यातले ठरलेले वाक्य. प्रत्यक्षात १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणली. ही गोष्ट मुळातच मोठी आहे. तिला फुगवण्याची गरज नाही. अशा याद्यांमुळे एक नुकसान मात्र होते. त्या काळात बाबासाहेबांना घ्यावे लागलेले अवघड निर्णय झाकले जातात. व्यावसायिक नीतीचा विचार करणाऱ्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, ते त्या अवघड निर्णयांतच. त्यांतील एक निर्णय येथे सविस्तर पाहू.

कोळशाच्या खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करू नये, या दिशेने भारत सरकारने १९२९ पासून टप्प्याटप्प्याने पावले टाकली होती आणि १९३७ मध्ये ही बंदी पूर्ण झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३५ मध्ये याच विषयावर करार केला आणि भारताने तो १९३८ मध्ये मान्य केला. त्यानंतर महायुद्ध आले. आगगाड्या, पोलादाचे कारखाने, गिरण्या, सगळे कोळशावर चालणारे. त्याच वेळी बंगाल आणि बिहारमध्ये लष्करी बांधकामे, विशेषतः विमानांच्या धावपट्ट्या, घाईने उभ्या राहू लागल्या. उघड्यावरचे ते काम आणि तेथील मजुरी खाणीपेक्षा बरी, म्हणून खाणकामगार तिकडे गेले. झरिया आणि राणीगंजच्या खाणींत माणसे उरेनात, कोळशाचे उत्पादन घसरले. १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांवरील बंदी तात्पुरती उठवली. मजूरमंत्री बाबासाहेब होते.

वेळापत्रक कोसळत आहे, माणसे मिळत नाहीत आणि वरून तगादा आहे, अशा परिस्थितीत घेतलेला हा निर्णय होता. साइटवर काम केलेल्या कोणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल. देशातून आणि विलायतेतूनही त्यावर टीका झाली. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या विषयावर चर्चा झाली आणि बाबासाहेब उत्तर देण्यास उभे राहिले.

त्या उत्तराची रचना लक्ष देऊन पाहावी. बंदी उठवणे ही चांगली गोष्ट आहे, असे त्यांनी म्हटले नाही. हा आणीबाणीतला उपाय आहे, कायमचे धोरण नव्हे, ही त्यांची भूमिका होती. अपवाद का करावा लागला याचे कारण त्यांनी सभागृहासमोर मांडले. अपवादाला कोणत्या अटी घातल्या आहेत तेही सांगितले: स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, आणि साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात त्यांना कामाला लावता येणार नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व पुढे राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले, हे आपण सर्व जाणतो. ते सरकारी आदेशाच्या पातळीवर अंधाऱ्या कोळसाखाणीत, एका अप्रिय निर्णयाची अट म्हणून आले होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

बाबासाहेब कचेरीत बसून राहिले नव्हते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या परिसरात गेले, खाणीत खाली उतरले आणि कामगारांची राहण्याची ठिकाणे त्यांनी पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांचा खर्च भागवावा, अशी ती योजना होती. मालकांच्या मर्जीवर न सोडता कामगाराच्या सोयीचा खर्च मालाच्या किमतीतच धरणे, हा त्यामागचा हिशेब. आज आपण ज्याला प्रकल्पाचे अंदाजपत्रक म्हणतो त्यात मजुराचे घर ही बाब प्रथमपासून असली पाहिजे, नंतर पैसे उरले तर नव्हे, हा त्याचा सरळ अर्थ.

महायुद्ध संपले आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली.

तो निर्णय मुळात योग्य होता का, याविषयी मतभेद राहतील. मला स्वतःला तो सुखाने वाचता येत नाही. खाली उतरलेल्या त्या स्त्रिया बहुतांशी आदिवासी आणि आपल्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या होत्या, आणि अडीच वर्षे हा काळ थोडा नाही. तथापि हा अपवाद जाहीर होता. त्याला कारण होते, अटी होत्या, त्याचा शेवट झाला, आणि त्याच्याखाली एका माणसाची सही होती. ज्याची सही, तोच सभागृहात उभा राहून प्रश्न ऐकत होता. ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय त्याने स्वतःसाठी ठेवली नव्हती.

त्याच काळात त्याच खात्यात दामोदर खोऱ्याची योजना आकार घेत होती. जुलै १९४३ च्या पुरात दामोदर नदीचा बांध फुटला, बरद्वानचा परिसर बुडाला आणि कलकत्त्याचा उत्तरेकडील रेल्वेमार्ग तुटला. बाबासाहेबांनी जानेवारी आणि ऑगस्ट १९४५ मध्ये कलकत्त्याला परिषदा घेतल्या. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे अभियंते वूरड्यूइन यांनी प्राथमिक आराखडा केला. पूर अडवणे, वीज आणि पाणी यांबरोबरच, खोऱ्यात राहणाऱ्या सामान्य माणसापर्यंत योजनेचा वाटा पोहोचला पाहिजे, हा आग्रह बाबासाहेबांनी परिषदेतच मांडला होता. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

पुढचा एक प्रसंग येथे नोंदवतो. महामंडळाच्या पांचेत धरणाचे उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी तीन वर्षे पूर्ण होत होती. पंतप्रधान नेहरूंनी बटण दाबण्याचा मान धरणावर काम करणाऱ्या बुधनी या संथाळ मजूर मुलीला दिला. त्या समारंभात तिचा नेहरूंशी हार घालण्याचा प्रसंग आला, त्याचा अर्थ विवाह असा लावून तिच्या समाजाने तिला बहिष्कृत केले. १९६२ मध्ये तिची महामंडळातील नोकरीही गेली, आणि ती परत मिळायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. बाबासाहेब १९५१ मध्येच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. या गोष्टीशी त्यांचा संबंध नाही. पण योजनेच्या छायाचित्रात जी व्यक्ती मध्यभागी होती, तिची जबाबदारी कोणाच्याच कार्यकक्षेत नव्हती, हे मात्र त्यातून दिसते.

आता आपण जेथे राहतो त्या देशाकडे वळू. अमिरातीचे संघराज्य २ डिसेंबर १९७१ रोजी अस्तित्वात आले आणि १९८० मध्ये पहिला संघीय श्रम कायदा झाला. बांधकामाचा वेग आणि कायद्याचा वेग यांत अंतर होते. मार्च २००६ मध्ये दुबईत बुर्ज खलिफाच्या बांधकामावरील हजारो मजुरांनी मजुरी आणि वागणुकीच्या तक्रारींवरून काम बंद पाडले, तोडफोडही झाली. २००९ मध्ये वेतन बँकेमार्फतच देण्याची पद्धत आली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. तोपर्यंत थकलेल्या पगाराचा पुरावा मजुराकडे नसे.

२००५ पासून उन्हाळ्यातील दुपारच्या विश्रांतीचा नियम आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम नाही. मोडल्यास दरमाणशी ५ हजार दिरहम दंड, कमाल ५० हजार. या नियमाला अपवाद आहेत. तांत्रिक कारणाने मध्येच थांबवता येत नाही असे काम, उदाहरणार्थ डांबर टाकणे किंवा सुरू झालेला स्लॅब भरणे, चालू ठेवता येते. मात्र तेथे थंड पाणी, सावली आणि क्षारांची सोय हवी. हा अपवाद उघड आहे आणि त्याला अटीही आहेत, बाबासाहेबांच्या त्या निर्णयासारख्याच. स्लॅब सकाळी किती वाजता सुरू करायचा हे मात्र कायदा ठरवत नाही, नियोजन करणारा ठरवतो. साडेदहाला सुरू केलेले काँक्रीट दुपारी थांबवता येणार नाही, हे त्याला सकाळीच ठाऊक असते.

सादियात बेटाची कथा याहून वेगळी आहे. सादियात म्हणजे आनंद, सुख. उर्दूतल्या सआदत या शब्दाचेच मूळ. अबुधाबीच्या या बेटावर न्यूयॉर्क विद्यापीठाचे आवार उभे करायचे ठरले, तेव्हा विद्यापीठ आणि त्याचे अबुधाबीतील सहकारी यांनी बांधकाम मजुरांसाठी एक निवेदन प्रसिद्ध केले. पारपत्र मजुराच्याच ताब्यात राहील, नोकरीसाठी त्याने दलालाला दिलेले पैसे परत मिळतील, कामाचे तास आणि राहण्याची जागा यांचे निकष पाळले जातील, अशी त्यातील वचने होती. तपासणीसाठी बाहेरील सल्लागार कंपनीही नेमली गेली. त्या काळी त्या प्रदेशात याहून चांगला कागद शोधून सापडला नसता.

मे २०१४ मध्ये तेथील पहिल्या पदवीदान समारंभाच्या सुमारास अमेरिकन वृत्तपत्रांतून बातम्या आल्या. दलालीचे पैसे परत न मिळालेले, पारपत्र हातात नसलेले मजूर वार्ताहरांना भेटले होते. विद्यापीठाने अशा मजुरांची जाहीर क्षमा मागितली आणि नार्डेलो या संस्थेकडून स्वतंत्र चौकशी करवून घेण्यात आली. एप्रिल २०१५ मध्ये अहवाल आला. ज्यांना निकष लागू होते, त्यांच्याबाबत ते बऱ्याच अंशी पाळले गेले होते, हे अहवालाने मान्य केले. परंतु १० लाख डॉलरपेक्षा कमी रकमेची किंवा महिन्याभराच्या आत संपणारी उपकंत्राटे या निकषांतून वगळली गेली होती. सुमारे ३० हजार मजुरांपैकी अंदाजे १० हजार, म्हणजे तिसरा हिस्सा, या सुटीमुळे संरक्षणाबाहेर पडला. प्रसिद्ध केलेल्या निवेदनात या सुटीचा उल्लेख नव्हता.

येथे कोणी दुष्ट माणूस शोधण्यात अर्थ नाही. अशी सूट कशी जन्माला येते ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. छोट्या कंत्राटदाराची कागदपत्रे तपासायला वेळ जातो. तीन आठवड्यांच्या रंगकामासाठी एवढी पडताळणी कशाला, असे कोणीतरी बैठकीत म्हणतो. बाकीचे मान डोलावतात. आणि ती मर्यादा एका तक्त्यात जाऊन बसते. ती कोणी मंजूर केली, ती कधी संपणार, त्यात किती माणसे गेली, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. रक्कम आणि दिवस यांची रेषा आखली जाते आणि माणसे त्या रेषेखाली निघून जातात. शिवाय छोट्या उपकंत्राटातला मजूर हाच सर्वांत कमी बळाचा असतो. ज्याला संरक्षण सर्वाधिक हवे त्यालाच सूट गाठते.

अहवालानंतर वगळल्या गेलेल्या मजुरांना भरपाई देण्याचे मान्य झाले. पण तोवर आवार बांधून झाले होते आणि माणसे बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, भारत अशी पांगली होती.

प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले तरुण आपल्या समाजात आता घरोघरी आहेत. त्या व्यवसायाची जागतिक संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिची सध्याची आचारसंहिता २००७ पासून लागू आहे. जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा ही तिची चार मूल्ये. परीक्षेत त्यावर प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे सोपी असतात, कारण प्रश्नातच अन्याय कोणता ते लिहिलेले असते. सादियातच्या तक्त्यात तो तसा लिहिलेला नव्हता.

२०२१ च्या नव्या श्रम कायद्याने, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे, मजुराकडून भरतीचा खर्च घेणे आणि त्याची कागदपत्रे रोखून ठेवणे यांना मनाई केली आहे. कंत्राट किती डॉलरचे वा किती दिवसांचे आहे, याच्याशी या मनाईचा संबंध नाही. म्हणून उपकंत्राटदारांची यादी समोर आली की बेरीज तपासण्यापूर्वी शेवटचे पान उलटून पाहावे. साहित्य पुरवठादार, साफसफाई, तात्पुरती मचाणे, तीन आठवड्यांचे रंगकाम अशा नोंदी तेथे असतात, आणि माणसांच्या संख्येचा रकाना बहुधा रिकामा असतो.