नव्या संगीताची मागणी

आमचे आयुष्य मागण्या मांडण्यातच गेले. तेंदूपत्त्याच्या फळीवर शेकडा पुड्यांना काय भाव मिळावा, ह्या वादात आमचे केस पिकले. तेव्हा चिमूरच्या ह्या वसंत व्याख्यानमालेत आम्ही संगीताच्या इतिहासावर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचा विषय बदललेला नाही. नवे संगीत कोणी कोणाकडे मागितले, आणि मागणारा नसला तर काय होते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा उठत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज भजने स्वतः रचीत आणि खंजिरीवर स्वतःच गात. रागसंगीतात तर गवई गाता गाताच रचीत जातो. पाश्चात्य वाद्यवृंदाची रीत निराळी. तेथे रचनाकार स्वर कागदावर लिहितो व वादक ते वाजवितात. एक वादक पुढे आणि सारा वृंद त्याच्याशी बोलणारा, अशा मोठ्या रचनेला 'कॉन्चेर्टो' म्हणतात. ती लिहिण्यास महिने लागतात, वाजविण्यास पन्नाससाठ माणसे लागतात. म्हणून कोणीतरी आधी 'आम्हांला हे हवे' असे म्हणावे लागते.

चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील मोठे वाद्य. बसून, गुडघ्यांत धरून वाजवितात. रशियाचा मोठा चेलोवादक रोस्त्रोपोविच ह्याला शोस्ताकोविचकडून कॉन्चेर्टो हवा होता. शोस्ताकोविचच्या पत्नीने त्याला बजावले होते, की हवा असेल तर त्याविषयी अवाक्षरही काढू नकोस. तो गप्प राहिला. १९५९ साली कॉन्चेर्टो हाती पडताच चार दिवसांत त्याने तो तोंडपाठ केला! पुढच्या वर्षी लंडनमध्ये तो वाजविताना इंग्रज रचनाकार ब्रिटन ह्याने ऐकला. तेथे मात्र रोस्त्रोपोविचने उघड मागणी केली. तिच्यातून १९६१ साली एक सोनाटा आला व १९६४ साली मॉस्कोत 'चेलो सिंफनी' वाजली. मागण्याच्याही रीती असतात. पण मागणारा असावा लागतो.

आता आपल्या बाजूला येऊ. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. तेथून निघालेले कित्येक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस १९४३ साली आले. चित्रपटाची चाल दुसऱ्याची. ती वाद्यवृंदासाठी लिहून काढण्याचे काम अशा माणसांचे. भित्तिपत्रकावर त्यांचे नाव क्वचितच येई. गोन्साल्विसांच्या मनात मात्र निराळेच होते. सारंग रागात कॉन्चेर्टो, तोडी थाटात व्हायोलिनचा कॉन्चेर्टो, अशा रचना त्यांनी लिहिल्या. त्या वाजणार कोठे? १९५८ साली त्यांनी स्वतःच शंभरावर वादकांचा वृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्या वाजविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्या वृंदाबरोबर गायले.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. रोस्त्रोपोविचच्या गोष्टीत वादक मागतो व रचनाकार देतो. येथे रचनाकारालाच वादकही गोळा करावे लागले. असे ओझे एका माणसाच्या खांद्यावर किती काळ राहणार? १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले. परतल्यावर माजोर्ड्यात शांतपणे राहिले व २०१२ साली वारले. १९७७ साली त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांच्या जोडीने एका चित्रपटगीतात त्यांचे नाव गाजविले. ते नाव देशभर पोरांच्या तोंडी झाले. कॉन्चेर्टो फार थोड्यांच्या कानी पडले.

पुढे २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात कायमचा वाद्यवृंद उभा राहिला. त्याने तबलानवाज झाकीर हुसेन ह्यांच्याकडे तबला व वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो मागितला. 'पेशकार' नावाने तो २०१५ साली मुंबईत वाजला आणि परदेशीही गेला. गुण गोन्साल्विसांपाशीही होता. त्यांच्या काळी मागणारे असे दार नव्हते.

हे सारे मुंबईचे व श्रीमंतांचे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावची मंडळे नाटक ठरवितात, पैसे जमवितात, कंपनीला बोलावितात. मागण्याची रीत आपल्या गावांना ठाऊक आहे. मग नाटक ठरविताना एक नवी चालही मागावी, ती बांधणाऱ्याला तिचे दाम द्यावेत आणि त्याचे नाव फलकावर ठळक लिहावे. केलेल्या कामाची मजुरी मागावयास आम्ही लोकांना शिकविले. न झालेले काम आधी मागावे लागते, हे आम्ही स्वतः फार उशिरा शिकलो.