राजप्रमुख निवडणारे राजे : मध्य भारताचे नरेश मंडळ

राजपद पित्याकडून पुत्राकडे जाते, असाच सर्वसाधारण समज आहे. मलेशियात मात्र नऊ राज्यांचे वंशपरंपरागत शासक गुप्त मतदानाने आपल्यापैकी एकाची पाच वर्षांसाठी देशाचा राजा म्हणून निवड करतात. १९५७ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आजही कायम आहे. याच्याशी साम्य असलेली व्यवस्था स्वतंत्र भारतातही काही काळ होती आणि तीत मराठी घराण्यांना मोठे स्थान होते.

ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील संस्थानिकांनी २२ एप्रिल १९४८ रोजी एका करारनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यातून निर्माण झालेल्या मध्य भारत संघाचे उद्घाटन २८ मे १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर, धारचे पवार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार ही घराणी या संघात एकत्र आली.

करारनाम्यानुसार संस्थानिकांचे एक मंडळ स्थापन झाले. राजप्रमुख हा संघाचा घटनात्मक प्रमुख त्यांच्यातूनच यावा, अशी योजना होती. त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कारभार पाहावयाचा होता. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, तर यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. दोन्ही मोठ्या संस्थानांचा मान राखण्यासाठी राजधानीही ग्वाल्हेर व इंदूर यांच्यात आळीपाळीने ठेवण्यात आली. सौराष्ट्र, राजस्थान व पेप्सू या संघांतही अशीच मंडळे होती. म्हैसूर हे एकसंध संस्थान असल्याने तेथे निवडीचा प्रश्न नव्हता. महाराज जयचामराजेंद्र वडियार हेच राजप्रमुख झाले.

दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांच्या वाट्याला मात्र असे मंडळ आले नाही. सांगली, मिरज, औंध, फलटण आदी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी, तर कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी थेट मुंबई प्रांतात विलीन झाले.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि मंडळाचे महत्त्व ओसरले. राष्ट्रपती ज्यास मान्यता देतील तोच राजप्रमुख, अशी व्याख्या घटनेने केली. अधिकाराचा उगम संस्थानिकांच्या करारातून प्रजासत्ताकाच्या घटनेकडे सरकला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; सातव्या घटनादुरुस्तीने राजप्रमुखपद संपुष्टात आले व मध्य भारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. संस्थानिकांचे तनखे व मान्यता १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाली.

मलेशियाने राजांचे मंडळ राज्यघटनेचा स्थायी भाग केले. भारताने मात्र त्याचा उपयोग राजेशाहीतून लोकशाहीकडे नेणारा पूल म्हणून केला. संस्थानिकांना मान देऊन त्यांची सत्ता शांततेने लोकनियुक्त सरकारांच्या हाती आणणे, हे या अल्पायुषी मंडळांचे खरे कार्य ठरले.