ढिगाऱ्याखालचा श्वास

आजचा थ्रेड किल्ल्यांचा नाही. अगदी अलीकडच्या, आपल्या दारातल्या इतिहासाचा आहे.

माजिवडा नाक्यावरून नाशिक महामार्ग धरला की भिवंडी. कळवा-मुंब्र्याकडे वळले की शीळफाटा. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शीळ येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील जिलानी इमारत रहिवासी झोपेत असतानाच खचली.

अशा वेळी शोधाची रीत फार जुनी आहे. श्वानपथक फिरते, मग सारी यंत्रे थांबवून हाक मारली जाते व कान देऊन ऐकले जाते. परंतु बेशुद्ध माणूस ओ देत नाही. तो श्वास मात्र घेत असतो.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के, तर उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट! हा वायू उष्णतेचे किरण शोषतो, हे जॉन टिंडलने १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवले. पुढे १८६० च्या दशकात त्याच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या उच्छ्वासातील हा वायू याच तत्त्वाने मोजला गेला. आजचे अवरक्त किरणांवर चालणारे संवेदक त्याच प्रयोगाचे वंशज होत.

२०१८ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी तळहाताएवढे उपकरण मांडले. ते कार्बन डायऑक्साइड व आर्द्रतेबरोबर श्वासातील आणि त्वचेवरील अॅसिटोन, अमोनिया, आयसोप्रीन हे वायूही टिपते. एकाच वायूवर विसंबणे धोक्याचे असते; जनरेटर, कटर, खुद्द जवानांचा श्वास, सारेच कार्बन डायऑक्साइड सोडतात.

हौशी मित्रांनो, एक सावधगिरी. काहीशे रुपयांत मिळणारा एमक्यू-१३५ अनेक वायूंना सरमिसळ प्रतिसाद देतो. कार्बन डायऑक्साइड नेमका मोजायचा तर अवरक्त संवेदकच हवा. त्याला काही हजार रुपये पडतात. जीव वाचवण्याच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लकच.

आता ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. तेथील दगडमातीची माळवदी घरे कोसळली, तेव्हा मातीने फटीच बुजवल्या. श्वास घ्यायला पोकळी कमी, तसा श्वास बाहेर यायला वाटही कमी. काँक्रीटच्या स्लॅबांमध्ये निदान फटी उरतात. नळी त्यांतच सोडायची. कोणत्या फटीत, हे मात्र अजूनही बहुधा कुत्र्याचे नाक नि जवानाचा कान ठरवतो.