निकालानुसार अनुदान आणि लहान मुलांची परीक्षा : १८६२ ते १८८२

मुलाला काय येते हे तपासणे आणि त्या तपासणीवर शाळेचे अनुदान ठरविणे या भिन्न बाबी होत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित संहितेने त्या एकत्र बांधल्या. सहा वर्षांखालील बालके वैयक्तिक परीक्षेतून वगळली गेली. त्यापुढील मुलांची वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत निरीक्षकाने दरवर्षी परीक्षा घ्यावयाची होती. मूल एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिक्षकाचे वेतनही पुष्कळदा याच रकमेवर अवलंबून असे. परिणामी वाचनपुस्तकच पाठ करून घेतले जाई. पुस्तक उलटे धरून मूल घडाघडा 'वाचत' असल्याचे दाखले आहेत. स्वतः निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नल्ड यांनी आपल्या अहवालांत या यांत्रिकतेवर टीका केली.

निकालानुसार अनुदानाचे हे तत्त्व १८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांपर्यंत पोहोचले. सरकारी प्राथमिक शाळांत मात्र प्रश्न निराळा होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तेथील तपासणीवरच बोट ठेवले. डेप्युटींच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि एरव्हीही पूर्वसूचना न देता शाळा पाहाव्यात, असे त्यांनी सुचविले. सक्तीच्या शिक्षणाच्या त्यांच्या मागणीची चर्चा पुष्कळ झाली. या सूचनेची, प्रस्तुत लेखकाच्या मते, व्हावी तितकी झालेली नाही. वस्तुतः नेमल्या दिवसासाठी पढविलेले मूल आणि एरव्हीच्या दिवशी पाटीवर धडपडणारे मूल यांतील अंतर तिने नेमके हेरले आहे.