निकाल आधीच लागलेली परीक्षा

अठरा वर्षांच्या मुलाकडे बघून तो पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल हे सांगणे, हा अमेरिकेत पगारी पेशा आहे. बेसबॉल क्लबांनी नेमलेली ही पारखी माणसे, म्हणजे स्काउट, शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर हिंडतात आणि मुलांवर अहवाल लिहितात. पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, सोडला तर बाकी खेळाडूंची पाच कौशल्ये तपासली जातात: चेंडू सातत्याने टोलवणे, लांब फटक्याची ताकद, धावणे, फेकीचा जोर आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येकाला 20 ते 80 मध्ये गुण. 50 म्हणजे सर्वोच्च लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. शिवाय प्रत्येक कौशल्याला दोन आकडे देतात, एक आजचा आणि एक पुढे होऊ शकेल तो.

बी.एड.ला मूल्यमापन शिकताना आम्ही दोन शब्द पाठ केले होते: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. कोणीही मोजले तरी उत्तर तेच यावे, ही पहिली अट. जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जावे, ही दुसरी. स्काउटांची ही पट्टी दोन्ही अटींवर बऱ्यापैकी उतरते. उजव्या हाताचा फलंदाज फटका मारून पहिल्या बेसपर्यंतचे 90 फूट साधारण 4.3 सेकंदांत धावला, तर धावण्याचे 50 गुण. धावणारा कोणाचा मुलगा आहे हे घड्याळ विचारत नाही.

पण बेसबॉलचा इतिहास वाचताना तिसरा प्रश्न समोर येतो, तो आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. परीक्षेला कोणाला बसू दिले, आणि निकाल हातात आल्यावर त्याचे केले काय?

1884 नंतर अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये उघडपणे एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. तसा लेखी नियम नव्हता. क्लबमालकांची आपसातली समजूत होती, आणि समजुतीविरुद्ध दाद कुठे मागणार? कृष्णवर्णीयांनी मग स्वतःच्या लीग उभ्या केल्या. त्या मैदानांवर एकाहून एक सरस खेळाडू खेळत होते, पण मोठ्या क्लबांच्या वहीत त्यांची नावे येत नव्हती.

1945 साली बोस्टनचे एक नगरसेवक इझडोर मचनिक यांनी ही समजूत अडवायचे ठरवले. मचनिक ज्यू होते आणि त्यांचा वॉर्ड बहुतांशी गोऱ्यांचा होता. रविवारी सामने भरवायला क्लबांना नगरपालिकेची परवानगी लागे. कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घ्या, नाहीतर परवानगीला माझे मत मिळणार नाही, असे त्यांनी बजावले. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे पत्रकार वेंडेल स्मिथ तीन खेळाडूंना घेऊन बोस्टनला आले: जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स.

16 एप्रिल 1945 रोजी रेड सॉक्स क्लबच्या फेनवे पार्क मैदानावर चाचणी झाली. तिघे धावले, चेंडू अडवले, फेकी केल्या, फलंदाजी केली. रॉबिन्सनचे फटके डावीकडच्या उंच भिंतीवर आदळत होते. फॉर्म भरून घेतले. ‘कळवतो’ म्हणाले. कोणी काही कळवले नाही.

आता लगेच पुढचा दिवस पाहा. 17 एप्रिल 1945 रोजी सेंट लुईस ब्राउन्स क्लबकडून पीट ग्रे पहिल्यांदा सर्वोच्च लीगमध्ये उतरला. लहानपणच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला होता. एका हाताने तो फलंदाजीही करी आणि चेंडू झेलून फेकीही. आदल्या वर्षी खालच्या लीगमध्ये तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता, म्हणजे ही मेहेरबानी नव्हती, त्याचा हक होता. महायुद्धामुळे चांगले खेळाडू सैन्यात गेले होते आणि क्लबांना माणसे हवी होती. पारखणाऱ्या नजरेला एका हाताच्या पलीकडचा खेळ दिसू शकत होता, पण कातडीच्या रंगापलीकडचा दिसत नव्हता.

बोस्टनहून परतताना वेंडेल स्मिथ यांनी ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांना रॉबिन्सनचे नाव सुचवले. 20 ते 80 ची पट्टी याच रिकींच्या नावाशी जोडली जाते. त्यांनी क्लाइड सुकफोर्थ या स्काउटला शिकागोला पाठवले: रॉबिन्सनच्या फेकीत जोर आहे का, तेवढे बघून ये. खांदा दुखावल्यामुळे रॉबिन्सन त्या दिवशी फेक करूच शकत नव्हता. म्हणजे जे तपासायला गेले ते तपासताच आले नाही. तरी सुकफोर्थ त्याला सोबत घेऊन ब्रुकलिनला आले. 28 ऑगस्टला रिकींनी त्याची सुमारे तीन तास उलटतपासणी केली. शिवीगाळ झाली, कोणी मुद्दाम धडक दिली, तरी हात न उगारता खेळशील का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. गोऱ्या खेळाडूला ही परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती.

रिकींना फार मोठे करायची गरज नाही. त्यांना सामने जिंकायचे होते आणि तिकिटेही खपवायची होती. रॉबिन्सन ज्या कृष्णवर्णीय क्लबकडून खेळत होता, त्याला त्यांनी एक डॉलरही भरपाई दिली नाही. पण समोर दिसलेल्या गुणांवर त्यांनी अंमल केला, आणि फरक तिथेच पडला. आपला देश स्वतंत्र व्हायच्या चार महिने आधी, 15 एप्रिल 1947 रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला. वय 28.

फेनवे पार्कवरचा दुसरा खेळाडू सॅम जेथ्रो. 1950 मध्ये तो त्याच बोस्टन शहरातल्या ब्रेव्हज या दुसऱ्या क्लबकडून आला, लीगमध्ये सर्वाधिक 35 बेस चोरले आणि तोही सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. या ‘नवोदिताचे’ वय 33 होते. तिसरा, मार्विन विल्यम्स, सर्वोच्च लीगमध्ये कधीच पोहोचला नाही. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, 1959 मध्ये उतरवला. तेव्हाच्या 16 क्लबांत तो सर्वांत शेवटचा.

उशिराची किंमत कोणी मोजली? पेन्शनसाठी चार वर्षांची सेवा लागत असे. जेथ्रोची तीन हंगाम आणि दोन सामने इतकीच भरली. म्हातारपणी तो कोर्टात गेला आणि हरला. त्यानंतर 1997 मध्ये अशा जुन्या खेळाडूंना वार्षिक मदत सुरू झाली. जेथ्रो तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. आणि जॉश गिब्सनला तर तेवढेही पाहायला मिळाले नाही. रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी, 20 जानेवारी 1947 रोजी, पस्तिसाव्या वर्षी तो वारला. 2024 मध्ये कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत तोच सर्वांत वर निघाला.

आपल्या घरांत आणि वर्गांत मुलांना एक सल्ला नेहमी दिला जातो: मेहनत कर, काबिलियत दाखव, मग नाव-गाव कोणी विचारणार नाही. मेहनतीला पर्याय नाही, हे मी रोज फळ्यासमोर उभा राहून सांगतो. पण हा सल्ला एकटा पुरत नाही. फेनवे पार्कवर त्या तिघांनी काबिलियत दाखवली होती, पाहणाऱ्यांनी पाहिलीही होती. दार उघडायला मताचा वापर करणारा नगरसेवक लागला, नावे लावून धरणारा पत्रकार लागला आणि निर्णय घेणारा एक अधिकारी लागला. तेव्हा ‘कळवतो’ ऐकून घरी परतलेल्या मुलाला कुठे कमी पडलास, असे विचारण्याआधी परीक्षा घेणाऱ्यालाही एक प्रश्न विचारू या: निकाल कधी लावला होता, पेपर तपासल्यावर की त्याआधीच?