शुक्रवारची टर्की

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतो, पण त्यातला खरा प्रश्न शुक्रवारी सकाळी फ्रीज उघडल्यावर समोर येतो. सहा-सात किलोचा पक्षी, खाणारी माणसं आठ, त्यातली निम्मी बटाट्यांवर आणि गोडावर डोळा ठेवून बसलेली. टर्की अर्धीअधिक उरतेच. शिवाय मॅश केलेले बटाटे, पावाचं स्टफिंग, क्रॅनबेरी सॉस, रताळी, ग्रेव्ही... सगळंच थोडं थोडं उरतं. ह्या उरलेल्याचं करायचं काय, ह्यावर तिकडची मासिकं आणि टीव्हीवाले दर वर्षी पाककृतींचा रतीब घालतात. मला कुतूहल होतं ते ह्याच्या इतिहासाचं. खोदत गेले आणि अख्खा वीकांत त्यात गेला!

फ्रीज नव्हता तेव्हा उरलेल्या मांसाचा निकाल चटकन लावावा लागे. बॉस्टनच्या लिडिया मारिया चाइल्ड ह्या बाईंनी १८२९ साली 'द फ्रूगल हाउसवाइफ' नावाचं काटकसरीच्या संसाराचं पुस्तक लिहिलं. ते धडाधड खपलं. काहीही वाया घालवू नका, हा त्या पुस्तकाचा कणा. गंमत म्हणजे आजीआजोबांच्या घरी घसरगाडीतून थँक्सगिव्हिंगला जाण्याची जी कविता अमेरिकन पोरं अजून म्हणतात, तीही १८४४ मध्ये ह्याच बाईंनी लिहिली. म्हणजे मेजवानीचं गाणंही त्यांचंच आणि दुसऱ्या दिवशीचा हिशोबही त्यांचाच. (गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहून त्यांनी पुढे आपला बराचसा वाचकवर्ग घालवला, पण तो वेगळा विषय.)

त्या काळचा हुकमी उपाय म्हणजे हॅश. थंड मांस बारीक चिरायचं, उरलेले बटाटे मिसळायचे, थोडी ग्रेव्ही घालून तव्यावर परतायचं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'बारीक तुकडे करणं'. आपण रोज जे हॅश टेबल आणि हॅश फंक्शन वापरतो ना, तो शब्द इथूनच आलेला आहे. माहितीचे तुकडे करा, कालवा, मूळ पदार्थ ओळखू येता कामा नये! कॉलेजात ही गोष्ट कुणी सांगितली असती तर डेटा स्ट्रक्चर्स जरा लवकर डोक्यात शिरलं असतं.

मग घरात बर्फाची पेटी आली, नंतर विजेचा फ्रीज. १९५० पर्यंत बहुतेक अमेरिकन घरांत फ्रीज होता. त्यामुळे एक बारीकसा पण मोठा बदल झाला. उरलेल्याचा निर्णय पुढे ढकलता येऊ लागला. थोडक्यात, फ्रीज म्हणजे घरातला बॅकलॉग. आणि बॅकलॉग आला की तो संपवायच्या कल्पनाही आल्या. मधल्या काळात, १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा हर्बर्ट हूवर ह्यांच्या अन्नखात्याने घरोघरी प्रतिज्ञापत्रं भरून घेतली, मांसाविना दिवस पाळायला लावले, आणि उरलेलं संपवणं हे चक्क देशकार्य झालं. त्याच सुमारास टेट्राझिनी हा मलईच्या सॉसमधला नूडल्सचा प्रकार लोकप्रिय झाला. ऑपेरा गायिका लुइझा टेट्राझिनी हिच्या नावाचा हा पदार्थ आज उरलेल्या टर्कीचं हक्काचं घर आहे.

सगळ्यांनाच हा उत्साह पचला असं नाही. कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्डने आपल्या वहीत उरलेल्या टर्कीच्या तेरा पाककृतींची एक थट्टेखोर यादी करून ठेवली होती. तो १९४०त वारला, आणि यादी १९४५ साली 'द क्रॅक-अप' ह्या संग्रहात छापून आली. टर्कीची विल्हेवाट म्हणजे जणू अंत्यविधी, असा एकूण सूर. सलग चौथ्या दिवशी टर्की खाल्लेल्याला तो लगेच कळेल.

आता मुख्य गोष्ट. उरलेल्या टर्कीची सगळ्यात प्रसिद्ध कथा घरातली नाहीच, कंपनीतली आहे. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा गावची स्वान्सन ही कंपनी. कथा अशी सांगतात की १९५३ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या खपाचा अंदाज चुकला आणि कंपनीकडे २६० टन गोठवलेली टर्की पडून राहिली. अमेरिकन टन धरला तर ५ लाख २० हजार पौंड, म्हणजे आपले सुमारे २ लाख ३६ हजार किलो. ठेवायला जागा नाही, म्हणून माल रेल्वेच्या दहा शीतडब्यांत भरला. डब्यांची थंडाई म्हणे गाडी चालू असेल तरच चाले, म्हणून गाडी नुसतीच देशभर इकडून तिकडे फिरत राहिली. मग जेरी थॉमस ह्या विक्री खात्यातल्या माणसाने विमानात जेवणासाठी वापरायचा अल्युमिनियमचा ट्रे पाहिला, त्याचे तीन कप्पे केले, एकात टर्की आणि स्टफिंग, बाकी दोनांत रताळी आणि मटार, आणि झालं 'टीव्ही डिनर'. किंमत ९८ सेंट. खोक्यावर टीव्हीच्या पडद्याचं आणि बटणांचं चित्र. १९५० साली अमेरिकेत दहातल्या जेमतेम एका घरात टीव्ही होता, १९५५ पर्यंत निम्म्याहून जास्त घरांत आला, तेव्हा नाव अगदी वेळेवर सुचलं म्हणायचं. १९५४ मध्ये एक कोटी ट्रे खपले असं सांगितलं जातं.

कथा मस्त आहे. पण २००३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने ती खणली, तेव्हा स्वान्सन घराण्यातल्या आणि कंपनीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं वेगळंच निघालं. कल्पना गिल्बर्ट आणि क्लार्क ह्या स्वान्सन बंधूंची होती, असं ते सांगत होते. शिवाय गोठवलेलं तयार ताट ही चीज नवीनही नव्हती. १९४५ मध्येच मॅक्सन नावाची कंपनी विमानांसाठी तशी ताटं बनवत होती, आणि १९४९ मध्ये पिट्सबर्गच्या बर्नस्टाइन बंधूंनी अल्युमिनियमच्या ट्रेमधली जेवणं विकायला काढली होती.

मी माझ्या परीने साधा हिशोब करून पाहिला. २ लाख ३६ हजार किलोंपैकी हाडं वगैरे जाऊन निम्मं मांस धरलं आणि एका ट्रेला १०० ग्रॅम दिलं, तर ट्रे होतात साधारण १२ लाख. कोटीच्या आकड्याशेजारी हे साधारण दशांश. म्हणजे ती आगगाडी खरी मानली तरी उरलेल्या मालाने फक्त सुरुवात झाली असणार. बाकी टर्की ट्रेसाठीच मुद्दाम आणली असणार. आणि तसंही, न खपलेला माल आणि घरात उरलेलं अन्न ह्यांत फरक आहेच. आपल्याकडे दुकानात उरलेल्या तांदळाला कुणी शिळा भात म्हणत नाही!

ह्या सगळ्या श्रेयाच्या भांडणात एक नाव मागे पडतं. बेटी क्रोनिन. स्वान्सनमधली तरुण जीवाणूशास्त्रज्ञ. तिच्यापुढचा प्रश्न विचारात घ्या. एकाच ट्रेमध्ये मांस, रताळं आणि मटार, प्रत्येकाचा शिजायचा वेळ वेगळा, आणि गिऱ्हाईक तो एकाच भट्टीत एकदाच ठेवणार. मटारचा लगदा न होता मांस आतपर्यंत तापलं पाहिजे, आणि त्यातले रोगजंतू मेले पाहिजेत. हे जमेपर्यंत बाकी सगळं नुसतं चकचकीत खोकं. पुढे तळलेल्या कोंबडीच्या ट्रेचंही तेच. गोठवून परत तापवल्यावर वरचं आवरण सुटू नये आणि तेलकटही होऊ नये, ह्यासाठी तिला बराच झगडा करावा लागला. माझं काम टेस्टिंगचं, तेव्हा इथे मी निःपक्षपाती नाही. पण नाव सुचवणाऱ्याला मुलाखती मिळतात आणि कुणी आजारी पडू नये म्हणून झटणारीचं नाव तळटीपेत जातं, हा प्रकार मला फार ओळखीचा वाटला. असो.

स्वान्सन १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीने घेतली. त्याच वर्षी कॅम्पबेलच्या स्वयंपाकघरात डॉर्कस राइली ह्या बाईंनी फरसबी, डब्यातलं मशरूम सूप आणि तळलेला कांदा एकत्र करून तो कॅसरोल बनवला, जो आता थँक्सगिव्हिंगला हटकून असतो आणि हटकून उरतो. 'फ्रेंड्स' पाहिलेल्यांना १९९८ मधलं रॉसचं सँडविच आठवत असेलच. मधे ग्रेव्हीत भिजवलेला जादा पाव घातलेलं, आणि ऑफिसात कुणीतरी खाऊन टाकल्यावर तो जो आकांत करतो तो! मला तो विनोद न्यू जर्सीत दोन वर्षं काढल्यावर नीट कळला.

तिथे सहकाऱ्यांच्या घरून डबे भरून मिळायचे, आणि आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी प्रयोग चालायचे. टर्कीचं मांस कोरडं. त्याचा बारीक चुरा करून कांदा, आलं-लसूण आणि गोडा मसाला घालून खिम्यासारखं परतलं की काम होतं. मॅश बटाट्यांत आधीच दूध-लोणी असतं, त्यामुळे वड्याचा गोळा धरत नाही. ते सरळ कणकेत मळून पराठे लाटायचे, पाणी घालायचंच नाही. सगळ्यात भारी म्हणजे क्रॅनबेरी सॉस. त्याला मोहरी, मेथी, हिंगाची फोडणी आणि लाल तिखट दिलं की मेथांब्याचा चुलतभाऊ तयार. स्टफिंग मात्र आम्हाला कधीच जमलं नाही. फोडणीच्या पोळीसारखं करून पाहिलं, तर तव्याला चिकटलं.

एक मात्र पाळा. शिजलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवी, तीही हाडावरून काढून, उथळ डब्यांत. परत तापवताना आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस. फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, असं तिकडचं शेतकी खातं सांगतं. म्हणजे गुरुवारची टर्की फार फार तर सोमवारच्या डब्यात न्यायची. त्याहून जास्त उरली असेल तर शुक्रवारीच फ्रीझरमध्ये टाका.